पोच

एप्रिलात आमच्या शस्त्रपरवाना शाखेचा कूलर
वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो.
त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली.
नाव फुलवंता इनवाते.
गाव भिवटोला, देवलापारच्याही पुढे,
नाला ओलांडला की मध्य प्रदेश.
"आमच्या बंदुका द्या ना साहेब,
डुकरं वावरात शिरून राह्यले."

सात बंदुका. मालखान्यात मी त्या पाहिल्या होत्या.
भरमार, तोंडातून दारू ठासायच्या,
पिकांच्या राखणीसाठी कधीकाळी मंजूर झालेल्या.
एकीच्या नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
दस्त्यांना सुतळीनं बांधलेले नंबर,
आणि सातवीच्या चिठ्ठीवर फौजदाराच्या अक्षरात:
निकामी.

"पयले चिठ्ठी आली. बोरिंगवर चिकटवली होती.
घरामागं एक पोट्टा पायजे मने दलमले.
आमची घरं एकोणीस, पोट्टे चौदा.
हिसाबच बसत नव्हता."
ती हसली की काय, मला नीट कळलं नाही.

मग ते आले, अवसेच्या आदल्या रात्री, नाल्यातून.
त्यांच्याकडे धडाधड चालणाऱ्या.
यांच्याकडे एक बार काढला की
पुन्हा भरेपर्यंत भाकर भाजून होते.
म्हणून बायका भरत होत्या, बाप्ये झाडत होते,
छर्रे संपले तेव्हा सायकलींची छकडी फोडून गोळ्या काढल्या,
चिंध्या संपल्या तेव्हा
हेमलताची चौथीची वही फाडली, पान पान,
ठासायला.

आणि रायसिंग कुंभरे,
ज्याच्या बंदुकीचा घोडा वीस वर्षांपासून पडत नव्हता,
तो पुलियावर उभा राहून रात्रभर हुकूम देत होता:
अरे सुकरू, डावीकडनं ये!
झाडू, तू मोहाखाली थांब!
बिसन, वीस जण घेऊन मागं जाय!
"सुकरू मेला त्याले नऊ वर्सं झाले.
झाडू तं माझा सासरा, मी पायला बी नाई.
अख्खं मसन उठवलं म्हाताऱ्यानं.
थे लोक मोजत असतील ना साहेब, अंधारात,
किती हायेत म्हून."

पहाटे ते परत गेले.
दिराचा खांदा गेला, एक बैल गेला.
त्यांच्यातला एक राहिला,
डोकं पाण्यापल्याड, पाय अलीकडे.
दोन राज्यांचे पोलीस दुपारपर्यंत
काठावर उभं राहून फोन करत होते.
शेवटी आपल्याकडे आला, मेडिकलला.

जखमेतून निघालेला कागद फाइलीत आहे,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, तपकिरी झालेला.
दाखवायला नको होता. मी दाखवला.
तेरा साते एक्क्याण्णव. तेरा आठे
इथे फाटलंय.
"हेमीचं अक्षर," ती म्हणाली. "साताले अशीच शेपटी काढते."
मग बराच वेळ काही नाही.
मग: "वय किती लिवलं त्याचं?"
अंदाजे सतरा.
"कोनत्या गावानं देला असन?"

याला माझ्याकडे अर्ज नाही, नमुना नाही.
कोर्टाचा हुकूम लागेल, मी सांगितलं.
तारीख पडेल. तोपर्यंत फटाके वाजवा डुकरांसाठी.
अर्जावर शिक्का मारून पोच दिली.
तिनं तिची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.
"निकामीवाली तरी द्या. थे तं वाजतच नाई."
तीच तर सगळ्यात जास्त वाजली, असं मनात आलं.
नियमात बसत नाही, असं तोंडानं म्हणालो.

मोरभवनहून तिची गाडी साडेतीनची होती.
दारापर्यंत गेली आणि वळली.
"म्हाताऱ्यानं सांगून धाडलं,
अजूनबी पुलियावर बसते थो संध्याकाळी, हाका मारत.
मने त्या पोट्ट्याचं नाव इचारून ये.
आपल्या नाल्यात पडला, त्यालेबी हाक माराले पायजे."

मी फाइल उघडली.
नाव या शब्दापुढे टाइप केलेलं होतं: अनोळखी.
ती वाट पाहत होती, पोच मुठीत धरून.
कूलर वाजत होता, बरं झालं.
काय म्हणालात, मी विचारलं,
ऐकू नाही आलं.